घोंगडीवरची सोयरीक

गोजरबाई ही आमच्या आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, केदारखेड्याच्या रामरावांची, बिनलेकराची आत्या. ती गेली आणि तेराव्यानंतर भोकरदनच्या निजामी कचेरीतून उर्दू कागद आला: आत्यानं नदीकाठचं शेत साखराच्या नावावर करून ठेवलं होतं! साखरा म्हस्कू धनगराची लेक. दरवर्षी म्हस्कूची मेंढरं खतासाठी आत्याच्या शेतात बसायची. आत्या अंथरुणाला खिळली तेव्हा आम्ही सगळे तोंडदेखलं विचारून यायचो. साखरा मात्र शेळीचं दूध पाजायची, डोकं विंचरून द्यायची.

आमच्या बद्रीदादाचा जीव तिच्यावर केव्हाचाच जडला होता. पण धनगराची पोर सून करायची म्हटल्यावर आबांनी तांब्या भिरकावला होता. आता त्याच आबांना साखरा एकदम गुणी वाटू लागली.

"आणा की तिला घरात. शेत बी परत येईल."

दादा नाचतच म्हस्कूच्या पालावर गेला, मागोमाग मीही. साखरा लोकर कातत होती. ऐकलं आणि तिचा हात थांबला.

"आबांला म्हणावं, शेत पाह्यजे तर आत्ताच लिहून देते, फुकट. मंग मला मागू नका. मी पाह्यजे असंन तर शेत माझ्याच नावावर राह्यल. अन् त्यांनी हितं घोंगडीवर बसून मागावं."

दादाचं तोंड एवढंसं झालं. घोंगडीवर बसायचं म्हणजे सोयरा व्हायचं. आणि आबा तर मेंढरं बसवल्याचं धान्यसुद्धा बांधावरूनच द्यायचे!

दादानं निरोप सांगितला, पण आबा दोन दिवस पालाच्या वाटेलाही फिरकले नाहीत. मला त्यांचा असा राग आला होता की विचारू नका. तिसऱ्या दिवशी दादानं गाठोडं बांधलं.

"मी चाललो मेंढरांमागं."

आबांनी त्याच्याकडे बघितलं, पटका बांधला, काठी घेतली आणि त्याच्याही पुढे चालू लागले.

त्यांना पाहून म्हस्कू बाज आणायला धावला.

"न्हाई, राहू दे," म्हणत आबा घोंगडीवर चक्क मांडी घालून बसले. "म्हस्कूबा, तुमची लेक द्या आमाला. शेत तिचंच राह्यल, बिलकुल."

म्हस्कू रडायलाच लागला. त्यानं भंडारा आणून सगळ्यांच्या कपाळी फासला. दादा खुळ्यासारखा हसत होता, आणि एवढी ठसक्याची साखरा लाजून पालाआड गेली. मला तर आनंदानं ओरडावंसं वाटत होतं.

निघायची वेळ झाली, पण आबांचे गुडघे धरले होते. म्हस्कू पुढे झाला, दादाही वाकला. आबांनी दोघांनाही बाजूला सारलं आणि पालाकडे बघून हाक दिली,

"सूनबाई, हात दे बरं."