दहा मैलांचे अकरा

"आणखी दोन आटे दे," मार्डेल म्हणाली. "चाक निघून लेकीच्याच पुढ्यात गडगडत गेलं तर तिला सांगशील काय?"

एर्विन कुचेरा शेडमध्ये गुडघे टेकून पिकअपला चौथं चाक चढवत होता. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं कमरेला पट्टा बांधून हे करावं, असं कुठल्या डॉक्टरनं सांगितलेलं नव्हतं. पण डीना संध्याकाळी डेन्व्हरहून येणार होती, आणि डीना येणार म्हटलं की गाडीच्या पायांत डीनाचे टायर असायलाच हवेत, असा त्या घराचा नियम होता. ती परत गेली की मोठे टायर ताडपत्रीखाली आणि जुने पुन्हा गाडीला.

"सरळ सांगून का नाही टाकत तिला?"

"काय सांगू? तुझे टायर पेट्रोल पितात म्हणून?"

"पितातच ना!"

"म्हणून तर शेडमध्ये ठेवलेत. इथं त्यांना कोण पाजतंय?"

मार्डेलनं कपातली उरलेली कॉफी जमिनीवर ओतली. त्यांच्या संसारात वाद असाच संपत असे.

टायर म्हणजे एर्विनच्या सत्तरीची लेकीकडून भेट. दोन वर्षांपूर्वी तो डेन्व्हरला गेला, तेव्हा लेक "गाडी धुऊन आणते" म्हणून गेली आणि गाडी वीतभर उंच करून परत आली. नवे रिम, नवे टायर, प्रत्येकाची उंची लहान पोराच्या छातीला लागेल एवढी. जुने चार मागच्या हौद्यात घालून तो नेब्रास्काला परतला, आणि पहिल्या टाकीतच त्याला कळलं की लेकीनं बापाला एक तहानलेलं जनावर दिलं आहे. गाडीच्या पाठीवरचं ओझं नुसतं वाहून न्यायचं असतं. चाकातलं ओझं वाहायचंही असतं आणि वर गरागरा फिरवायचंही. दर थांब्यानंतर ते जड चाक हलवताना इंजिन म्हाताऱ्यानं खुर्चीतून उठताना काढावा तसा आवाज काढी. जुन्या टायरांवर गॅलनला एकोणीस मैल जाणारी गाडी पंधरावर आली.

आता चार मैल म्हणजे काही आभाळ कोसळणं नव्हे. पण एर्विन बेव्हच्या कॅफेत बसणारा माणूस होता.

बेव्हच्या कॅफेत गावातल्या पुरुषांचे कप भिंतीवरच्या खुंट्यांना टांगलेले असत. दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येकानं आपल्या पिकअपचं अ‍ॅव्हरेज सांगायचं, आणि त्या क्रमानं कप लागायचे. खिडकीजवळची पहिली खुंटी सर्वांत जास्त अ‍ॅव्हरेजवाल्याची. पुरावा कोणी मागत नसे, कारण पुरावा मागितला असता तर खेळच बंद पडला असता. नॉरिसनं आकडा सांगितला की मंडळी मनातल्या मनात त्यातून तीन वजा करत. बाकीच्यांच्या आकड्यांतून दोन. एर्विनच्या आकड्यातून मात्र आजवर कोणी काही वजा केलं नव्हतं. सदतीस वर्षं त्यानं काउंटीचे कच्चे रस्ते ग्रेडरनं सपाट केले होते, आणि रस्ता खराब असेल तर तो स्वतःच सांगे, "खराब आहे, माझ्याच हातून झालाय."

शेवटची खुंटी ड्वेनची. साऱ्या काउंटीत सर्वांत मोठे टायर त्याचे. "बारा!" असं तो लॉटरी लागल्यासारखं ओरडून सांगे. हिवाळ्यात ड्वेन गेला. त्याचा कप बेव्ह दर सोमवारी पुसून पुन्हा तिथंच टांगते.

डेन्व्हरहून परतल्यावर एर्विननं जुने टायर चढवले, आणि चमत्कार झाला. अ‍ॅव्हरेज एकवीस. त्यानं दुसरी टाकी मोजली, तिसरी मोजली, एकवीसच. कारण त्याला एकच सुचलं: चढवताना टायरांत पाच पौंड हवा जास्त भरली होती. कप पहिल्या खुंटीवर गेला, आणि मितभाषी एर्विन हवेवर व्याख्यानं देऊ लागला. ती ऐकून साऱ्या टेबलानं टायर दगडासारखे फुगवून घेतले. कोणाचं अ‍ॅव्हरेज वाढलं नाही. मणके तेवढे हलले. हायवेवर हल्ली ट्रॅक्टर सोडून सगळं आपल्याला ओलांडून जातं, हे एर्विनच्या ध्यानात आलं होतं. पण लोकांनाच घाई फार झाली आहे, असा त्याचा समज होता.

दुसऱ्या दिवशी एक तारीख होती. सकाळी डीनाला शेजारी बसवून तो कॅफेकडे निघाला. त्या मुलखात दर मैलाला एक रस्ता काटकोनात आडवा जातो. घरापासून बेव्हच्या दारापर्यंत असे दहा. त्या दहाही चौकांतली माती एर्विननं आपल्या हातानं सारखी केलेली. दारात गाडी लावताना त्याची नजर मीटरवर गेली. दहा मैल.

काल सकाळी जुन्या टायरांवर हाच रस्ता मीटरनं अकरा दाखवला होता.

"काय झालं, बाबा?"

"रस्ता आखडलाय एका मैलानं."

डीना हसली. "मीटर बरोबर आहे. टायरवाल्यानं गाडीचा कॉम्प्युटर या टायरांच्या मापाला लावून दिला होता. सांगितलं होतं मी तुला. ऐकलंच नसशील."

ऐकलं नव्हतंच. आता मात्र सगळं ऐकू आलं. मीटर चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठं आहे असं त्याला पढवून ठेवलेलं. त्याला काय ठाऊक की खाली बारकं चाक बसलंय आणि तेवढ्याच वाटेला जास्त फेरे मारतंय! दहा मैलांचे तो अकरा करत होता, आणि त्या फुकटच्या मैलांवर एर्विन गेली दोन वर्षं पहिल्या खुंटीवर लटकत होता.

आत शिरताच नॉरिसनं हात पसरले. "ये ये, डीना! तुझा बाप जादूगार आहे बघ. एकवीस देते त्याची गाडी!"

डीनानं खिडकीतून बाहेर उभ्या गाडीकडे पाहिलं. "या टायरांवर एकवीस?"

एर्विनची गाडी एरवी कोणत्या टायरांवर फिरते हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते डीनाला सांगायचं नाही हेही सगळ्यांना ठाऊक होतं. नॉरिस आपल्या बशीतल्या अंड्यांकडे असा काही बघू लागला, जणू ती त्यानं स्वतःच घातली होती. बेव्ह भरलेल्या कपात कॉफी ओतू लागली.

एर्विननं नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं. एवढ्यानं लेकही दुखावली नसती आणि खुंटीही राहिली असती. टेबलाला मात्र ते खोटं कळलं असतं, आणि उद्यापासून एर्विनच्या आकड्यातूनही दोन वजा झाले असते.

त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली.

"एकवीस खोटं आहे," तो म्हणाला. "कधीच नव्हतं एकवीस. एकोणीस असेल. मीटर मोठ्या टायरांचा आणि खाली टायर बारके. हवेचं वगैरे काही नव्हतं. तुम्ही आपापली हवा काढून टाका."

"दोन वर्षं माझा मणका ठेचलास, लेका!" नॉरिस म्हणाला.

"आणि डीना," एर्विन टोपीकडे बघत म्हणाला, "तुझे टायर शेडमध्ये असतात. तू यायच्या दिवशी चढवतो."

डीनानं साखरेची पुडी फाडली, कॉफीत ओतली. "ठाऊक आहे, बाबा."

"आईनं सांगितलं?"

"आई कशाला सांगेल? दोन वर्षं झाली, टायरांच्या अंगावरची रबराची लव अजून तशीच आहे. नव्या टायरला असते तशी. पळालेल्या टायरला केस राहतात होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"ते एकेक चाक केवढं जड आहे! आणि मी यायची म्हटलं की तू ती चारही बदलतोस." ती चमचा ढवळत राहिली. "मी दुसरं काही दिलं असतं, तर त्यासाठी तू एवढा वाकला असतास का?"

नॉरिसनं रुमालात मोठ्यानं नाक शिंकरलं आणि बेव्हला विचारलं की आज अंड्यांत मिरी एवढी का टाकलीस.

"आता नाही बदलणार," एर्विन म्हणाला. "जे लागलेत तेच राहतील. कंबर नको म्हणते." मग टेबलाकडे वळून त्यानं नियमाप्रमाणे आपला आकडा सांगितला, "पंधरा."

"पंधरा?" नॉरिस म्हणाला. "सोळा लाव की. कोण मोजायला बसलंय?"

"पंधरा."

त्यातून कोणी काही वजा केलं नाही.

एर्विननं उठून पहिल्या खुंटीवरचा आपला कप काढला आणि बाकीचे कप एकेक खुंटी पुढे सरकवत भिंतीच्या कडेकडेनं दुसऱ्या टोकाला गेला. तिथं ड्वेनचा कप होता, कडेला टवका उडालेला, आतून स्वच्छ पुसलेला.

"एर्विन, पंधरा म्हणजे शेवटून दुसरी खुंटी," बेव्ह म्हणाली. "ड्वेनचे बारा होते."

"हिवाळ्यापासून त्यानं थेंबभरही पेट्रोल जाळलेलं नाही," एर्विन म्हणाला.

त्यानं ड्वेनचा कप उचलून एक खुंटी पुढे टांगला, त्याचा कान खिडकीकडे करून नीट सरळ केला. मग शेवटच्या खुंटीवर आपला लावला, आणि तो हलायचा थांबेपर्यंत तिथंच उभा राहिला.