न तुडवलेला चिखल

आमच्या वाडीच्या विहिरींना खारं पाणी. गोडं पाणी खाजणापलीकडच्या, खाडीकाठच्या दलदलीपलीकडच्या झऱ्याचं. रोज सकाळी मी कळशी घेऊन निघायची आणि पाळण्यातली माझी लेक सुगंधा रडून घर डोक्यावर घ्यायची. झऱ्यापासून वाडीपर्यंत बिडाचा पाइप मंजूर झाला, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मलाच झाला असेल.

खाजणात चर खणला. तळाला मऊ, निळसर चिखल.

"चोपणी आणा गो!" सासूबाई म्हणाल्या. "खळा चोपल्याशिवाय घट्ट होता काय?"

आम्ही बायका चरात उतरलो आणि अंगणातलं खळं करतो तसा तळ चोपून काढला. पुरुषांनी वर पायांनी तुडवला. पाइप टाकला, तो मधोमध खचलाच. सांधा उघडा पडला.

ओव्हरसियर परब बांद्याहून आले. त्यांनी चरात काठी रोवली. ती सरळ आत गेली. बाजूच्या, कुणाचा पाय न लागलेल्या चिखलात रोवली, तर थोडी जाऊन अडली.

"ही तुमच्या खळ्याची लाल माती नव्हे," ते म्हणाले. "जागच्या जागी असली तर वजन पेलते. तुडवलीत की तिचं बळ जातं. आता पुन्हा खचला तर पाइप दुसऱ्या गावाला."

"मेल्या चिखलाचे पण लाड करूचे?" शेजारची जानकी पुटपुटली.

परब हसले. "करा. काढलेल्या चिखलापेक्षा पाण्याने भरलेला पाइप जड नाही. खालच्या मातीला जास्तीचं ओझं नाहीच. फक्त तिला डिवचू नका."

शेजारून नवा चर काढला, चिखलावर टाकलेल्या होडीच्या फळ्यांवर बसून. आत कुणी उतरलं नाही. पाइप सोडताना मात्र पुरुष दोरांना हिसके द्यायला लागले. सासऱ्यांसमोर कधी तोंड न उघडणारी मी ओरडले, "धक्को नको! निजलेला चेडू पाळण्यात ठेवतत तसा सोडा!"

"आमी खंय चेडवांक निजवतंव?" धाकटे दीर बाबू म्हणाले.

"मगे दोर हंय दी!" सासूबाई पुढे झाल्या.

दोर बायकांनी धरले. पाइप चिखलाला टेकला, ते कळलंसुद्धा नाही.

पाणी सोडलं. परबांनी एकेका सांध्यावरून हात फिरवला आणि चर बुजवायला सांगितलं.

दुसऱ्या सकाळी सुगंधा जागी झाली. रडायला ओठ काढले, मी समोरच दिसले, आणि तिनं हात वर केले.