मागे खिडकी नसलेला पडदा

मी एक जुना पडदा आहे. मित्रांनो, पडदा म्हटले की तुम्हाला खिडकी आठवते, वाऱ्याने फुगलेले कापड आठवते, सकाळचे ऊन आठवते. यातले काहीच माझ्या नशिबी आले नाही. एका प्रवासी जहाजाच्या चौथ्या मजल्यावर, आतल्या बाजूच्या एका खोलीत, मी सोळा वर्षे टांगलेला होतो. माझ्यामागे खिडकी नव्हती. नुसता पत्रा होता, पिवळट रंग दिलेला. तो झाकायचा आणि आलेल्या माणसाला वाटू द्यायचे की याच्यापलीकडे समुद्र आहे, एवढीच माझी नोकरी. खोटे बोलायला तोंडच लागते असे नाही.

माझा जन्म एका शिवणकारखान्यात झाला. निळे कापड, त्यावर पांढरे शिंपले, वर चुण्या आणि खाली चार बोटांची दुमड. मी दिसायला देखणा होतो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. जहाजाच्या बाहेरच्या खोल्यांचे पडदे आणि आतल्या खोल्यांचे पडदे एकाच ताग्यातून बेतले होते. पण अस्तर लावायची वेळ आली तेव्हा मुकादम ओरडला, "त्या ढिगाला हलकंच अस्तर लावा रे. त्यांना कुठलं आलंय ऊन!" तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. माझ्या भावंडांना जाड अस्तर मिळाले आणि ती बाहेरच्या खोल्यांत गेली. त्यांनी समुद्र पाहिला, उन्हाने ती विटली, विरली आणि चार-पाच वर्षांत बदललीही गेली. मी मात्र होतो तिथेच राहिलो.

माझी खोली कशी होती ते सांगतो, म्हणजे तुम्ही कधी गेलात तर फसणार नाही. दार उघडले की उजवीकडे न्हाणीघर. ते इतके अरुंद की साबण हातातून निसटला तर तो उचलायला आधी बाहेर यावे लागे. मग एक कपाट, त्यावर संकटकाळी घालायची नारिंगी जाकिटे. मग दोन पलंग, जोडप्याचे पटत असेल तर चिकटवायचे, नसेल तर लांब करायचे. दिवा मालवला की भर दुपारी अमावास्या. जहाज जरा कलले की कपाटातले हँगर एकमेकांवर खडखडत. नवा प्रवासी आला की सामान टाकून आधी माझ्याकडे येई आणि मला झटक्यात बाजूला सारी. पत्रा दिसला की कुणी हसे, कुणी शिव्या घाली. एका निवृत्त मास्तरांनी तर पत्र्यावर टकटक करून पाहिले आणि ते बायकोला म्हणाले, "अगं, फोटोत तर खिडकी दिसत होती!" फोटोत दिसत होतो तो मी.

खोलीत थांबायला कुणाला सवडही नसे म्हणा. रोज संध्याकाळी दाराखालून एक कागद आत सरके. त्यावर उद्याचे कार्यक्रम असत. सकाळी सातला वरच्या गच्चीवर व्यायाम, नऊला नाचाचा वर्ग, दहाला रुमालाच्या घड्या शिकणे, अकराला प्रश्नमंजूषा, जेवणानंतर तंबोला, मग पाण्याची घसरगुंडी, संध्याकाळी जादूचे प्रयोग. माणसे त्या कागदामागे अशी धावत की ही सुट्टी आहे की परीक्षा, ते मला कधी समजले नाही.

आमच्या बोळातल्या वीस खोल्या एकच माणूस आवरायचा. टॉवेलांचे हत्ती आणि हंस करून तो पलंगावर ठेवी, म्हणून सगळे त्याला घडीमास्तर म्हणत. पहाटे पाचला तो बोळात येई आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राबे. त्याची स्वतःची खोली आमच्याही खाली होती. "आमच्याकडे तर पडदासुद्धा नाही," असे तो एकदा मला झटकताना पुटपुटला होता.

एका सफरीला माझ्या खोलीत सत्तरीची एक बाई आली. चाकाच्या खुर्चीत बसून, डोळ्यांवर काळा चष्मा लावून. गुडघे गेलेले, आणि महिन्यापूर्वीच डोळ्याचे ऑपरेशन झालेले. तिचा मुलगा खुर्ची ढकलत होता, मागून सून येत होती. बंदरावरच्या बंद दालनातून, बंद बोगद्यातून, बंद लिफ्टमधून ती थेट माझ्यासमोर आली. तिने उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. चाळीस वर्षे तिने शिवणयंत्रावर दुसऱ्यांच्या घरांचे पडदे शिवले होते आणि त्यावर मुलाला शिकवले होते. समुद्र एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढेच तिचे मागणे होते.

"आई, ही तुझी खोली," मुलगा म्हणाला. "इथं वारा नाही, गोंगाट नाही. वर आमच्या खोलीला सज्जा आहे, पण तिथल्या वाऱ्यानं तुझ्या डोळ्याला त्रास होईल."

"खिडकी आहे का रे?"

मुलाने माझ्याकडे पाहिले. सुनेने दुसरीकडे पाहिले.

"आहे ना, ही काय! पण पडदा उघडू नकोस हं. डॉक्टरांनी उजेड टाळायला सांगितलंय. उद्या मी तुला गच्चीवर नेतो, मग बघ पोटभर."

आजवर कुणी मला शब्द वापरून खोट्यात ओढले नव्हते. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या शिंपल्यांची घाण वाटली.

दोघे निघून गेल्यावर ती पलंगाला धरून धरून माझ्याजवळ आली. तिने मला बाजूला सारले नाही. नुसती माझी कड हातात घेतली, समोरच्या बाजूवर बोटे फिरवली, मग अस्तर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळले. ते नाकाशीही नेले. नंतर ती पलंगावर बसून राहिली. मला वाटले, शिवणारी बाई आहे, माझी शिलाई बघत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी घडीमास्तर खोली आवरायला आला. माझी खालची दुमड उसवली होती आणि त्याने ती तीन टाचण्यांनी कशीबशी धरून ठेवली होती. बाईंच्या बोटांना त्या लागल्या.

"हे काय रे? पडद्याला टाचण्या? अब्रूच काढली की याची!" तिने पिशवीतून सुई-दोरा काढला. दिसत नव्हते म्हणून त्याच्याकडून सुई ओवून घेतली आणि नुसत्या बोटांच्या अंदाजाने टाके घालू लागली. मग सहज विचारावे तसे म्हणाली, "आज समुद्र कसा आहे?"

घडीमास्तर टॉवेलचा हत्ती करत होता. त्याचे हात थांबले. खिडकी नसल्याचे आईला सांगायचे नाही, असे मुलाने त्याला बोळात गाठून बजावले होते, हे मी दाराआडून ऐकले होते.

"शांत आहे, मावशी," तो म्हणाला. "निळाशार. पक्षी उडतायत."

पहाटेपासून तो आमच्याच बोळात होता. त्याने तरी समुद्र कुठे पाहिला होता!

दुपारी मुलगा आला, घसरगुंडीवरून थेट, केस ओले. "आज जमलं नाही गं आई, तंबोला उशिरा संपला. उद्या नक्की. पण हे बघ, तुझ्यासाठी काढून आणलाय!" त्याने मोबाइल तिच्या हातात दिला. तिने काळा चष्मा वर करून तो डोळ्यांशी धरला.

"छान आहे," ती म्हणाली. "केवढासा आहे रे!"

तो हसला, कारण त्याला तो विनोद वाटला.

तिसऱ्या दिवशी घडीमास्तरने कार्यक्रमांचा कागद वाचून दाखवला. रुमालाच्या घड्यांचा वर्ग ऐकून ती खो खो हसली. "ह्याला वर्ग? मग मला मास्तरीण म्हणून बोलवा!" मग तिने पुन्हा समुद्राची विचारपूस केली. तो म्हणाला, शांत आहे, पक्षी आहेत.

"कालही पक्षीच होते. आज जरा लाटा तरी दे."

घडीमास्तर चपापला. ती मात्र मान खाली घालून टाके घालत होती.

त्या दिवशी संध्याकाळी मुलगा आणि सून दोघेही आले. मुलाच्या हातात एक टोपी होती, तिच्यावर जहाजाचे चित्र. प्रश्नमंजूषेत निवेदकाने सगळ्यांना विचारले होते, तुम्ही या सफरीवर का आलात? मुलगा उभा राहून म्हणाला होता, "आईला समुद्र दाखवायला."

"अख्ख्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या, आई," सून सांगत होती. "एका बाईंच्या तर डोळ्यांत पाणी आलं. ही टोपी त्याचं बक्षीस आहे."

"तुझीच आहे ती," मुलगा म्हणाला आणि त्याने टोपी तिच्या डोक्यावर ठेवली. "उद्या शेवटचा दिवस. चार वाजता येतो, तयार राहा."

आईने टोपी चाचपली. मला तर कुणी कात्री आणून कापले असते तरी बरे वाटले असते.

चौथ्या दिवशी ती तीनलाच तयार होऊन बसली. नीट नेसलेली, केस विंचरलेले, डोक्यावर ती टोपी. चार वाजले. पाच वाजले. वर जोडप्यांच्या नाचाची स्पर्धा चालू होती, छतातून ठेका ऐकू येत होता. साडेपाचला घडीमास्तर टॉवेल बदलायला आला आणि तिला तशी बसलेली बघून दारातच थांबला.

"मावशी, चला," तो म्हणाला. "मी नेतो. गच्ची लिफ्टनं दोन मिनिटांवर आहे. माझी सुट्टीची वेळ आहे, कुणी काही म्हणणार नाही. अजून उजेड आहे."

ती खुर्चीतून अर्धी उठली. खरेच उठली, मित्रांनो, मी पाहिले. मग पुन्हा बसली.

"नको रे बाबा. तो येईल आणि मी इथं नसेन. बायकोसमोर त्याचं तोंड उतरेल."

"मावशी, तुम्हाला एक सांगायचंय. ह्या पडद्यामागे..."

"पत्रा आहे. मला पहिल्याच दिवशी कळलंय." तिने माझे अस्तर उलटून त्याच्यासमोर धरले. "खिडकीच्या पडद्याचं अस्तर आधी जातं. उन्हानं कागदासारखं होतं, नुसतं दाबलं तरी फाटतं. हे बघ, पुढून झिजलाय आणि अस्तर कोरं. ह्याला जन्मात ऊन लागलेलं नाही. चाळीस वर्षं पडदे शिवलेत, मला कुणी काय फसवणार?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? लेकाला? अरे, तो वर सगळ्यांना सांगून बसलाय."

मुलगा साडेसातला आला. घामाघूम, खुशीत. त्यांचा दुसरा नंबर आला होता. "आई गं, वेळ कसा गेला कळलंच नाही. आता अंधार पडला, आता काय दिसणार! पुढच्या वर्षी परत येऊ, तेव्हा वरचीच खोली घेऊ तुला." ती म्हणाली, "बरं." मग तिने टोपी काढून नीट पिशवीत ठेवली.

पाचव्या दिवशी सकाळी उतरायचे होते. तिने माझ्या दुमडीचा शेवटचा टाका घातला आणि दोरा दातांनी तोडला. मुलगा बॅग घेऊन उभा होता, सून बोळात होती. तेवढ्यात शेजारच्या खोलीतली बाई तिथून जाताना थांबली. तिची खोलीही आमच्यासारखीच, आतली.

"अय्या, तुम्हीच का त्या आई? तुमच्या मुलाला आम्ही किती टाळ्या वाजवल्या! मग, कसा वाटला समुद्र?"

मुलाने बॅगेचा पट्टा घट्ट धरला.

"फार छान," आई म्हणाली. "रोज बघत होते. ह्या खोलीच्या खिडकीतूनच दिसायचा."

शेजारच्या बाईने माझ्याकडे पाहिले. तिच्याही खोलीत माझ्यासारखाच एक पडदा होता आणि त्यामागे काय आहे हे तिला ठाऊक होते. मग तिने मुलाकडे पाहिले. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ती पुढे निघून गेली. मुलगा पुटपुटला, "चल आई, उशीर होतोय." बंद लिफ्टकडे, बंद बोगद्याकडे खुर्चीची चाके निघून गेली. पुन्हा ती कधी दिसली नाही.

तिने ते लेकाला झाकायला म्हटले की उघडे पाडायला, हे कोडे मला आजवर सुटलेले नाही. एवढे मात्र सांगतो, त्या बाईचा एकही टाका चुकून पडत नसे.

पुढे जहाजाची डागडुजी झाली. माझ्या जागी भिंतीवर एक चकचकीत काच बसवली आणि तिच्यावर हलत्या समुद्राचे चित्र लावले. लोक आता हसत नाहीत, शिव्याही देत नाहीत, म्हणजे ती काच माझ्यापेक्षा जास्त सफाईने खोटे बोलते. मला कापून फडकी केली. तुमच्याशी बोलतो आहे तो माझा खालचा तुकडा, दुमडीचा. घडीमास्तरने तो नळ पुसण्यासाठी म्हणून बाजूला ठेवला, पण त्याने तो अजून कधी ओला केलेला नाही. कापड आता चाळणीसारखे झाले आहे. तिचे टाके तसेच आहेत.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे म्हणायला माझ्यात काही उरलेले नाही. तुमच्या घरात जिला आतली खोली मिळाली आहे, तिची घ्या. ती म्हणेल, मला इथून सगळे दिसते, तुम्ही जा. तेव्हा एकदा तिच्या खोलीत जा आणि पडदा सरकवून बघा. मागे पत्रा निघाला तर उद्याचे नाव काढू नका, तशीच तिची खुर्ची बाहेर घ्या. चार दिवस ती बाई माझ्यासमोर बसली होती, आणि समुद्र दोन मिनिटांवर होता.