मुकुटाची जागा

कारागिराने पोलादी ठसा तेलाच्या फडक्याने पुसून वहिनीच्या हातात ठेवला. उद्यापासून टांकसाळीत याच ठशाने नवी नाणी पाडायची होती. ठशात कोरलेला चेहरा प्रधानाचा होता आणि त्याच्या डोक्यावर मुकुट होता.

“भाऊजी, हे काम तुम्हाला सांगितलं कधी?”

“तीन महिने झाले. तेव्हा राजेसाहेब रोज घोड्यावरून रपेट करत होते.”

प्रधानाने तेव्हा पदकाचं काम म्हणून सांगितलं होतं. राजेसाहेब माझ्यावर खूश आहेत, माझ्या नावाचं पदक काढणार आहेत, डोक्यावर थोडी जागा मोकळी सोड. कारागिराने ती सोडली. राजा वारला आणि दुसऱ्याच दिवशी निरोप आला, त्या जागेत मुकुट कोर. त्याच दिवशी कारागिराच्या थोरल्या भावाला, राजवैद्याला, शिपाई धरून घेऊन गेले. त्याने म्हणे राजाला औषधातून विष दिलं. घरातल्या मांजरालाही ज्याने कधी जबरदस्तीने कडू औषध पाजलं नाही, त्याने. नुसतं आठवलं तरी कारागिराच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. याचे कान भर, त्याला याच्याशी झुंजव, असं करत करत हा माणूस कारकुनाचा प्रधान झाला होता, आणि दर पायरीला सुरी फिरली ती दुसऱ्याच कुणाच्या तरी मानेवर. या खेपेला ती मान दादाची होती. निकाल उद्या होता आणि तो काय लागणार हे गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक होतं.

“सरदारांसमोर बोला,” वहिनी म्हणाली. “राजेसाहेबांच्या पंगतीला बसलेली माणसं आहेत ती. एकदा कळलं की गप्प बसतील का?”

दुपारी दरबाराच्या दालनात सगळे सरदार जमले होते. प्रधानाने ठसा हातात घेतला, उजेडात धरला आणि स्वतःच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“तुम्ही सगळ्यांनी आग्रह केलात म्हणून मी मान तुकवली,” तो म्हणाला. “नाहीतर माझ्या मनातही नव्हतं. आणि या बिचाऱ्याने बघा, राजेसाहेब गेल्यापासून खपून चार दिवसांत काम उभं केलं.”

कारागीर एक पाऊल पुढे आला.

“चार दिवसांत नाही, सरकार. तीन महिने लागले.”

मग तो थांबलाच नाही. पदकाची थाप, मोकळी सोडायला लावलेली जागा, तेव्हा धडधाकट असलेला राजा, सगळं त्याने सांगून टाकलं. आपला आवाज चढतोय हे त्याला कळत होतं आणि त्याची त्याला पर्वा नव्हती.

“विष माझ्या भावाने दिलं, तर मुकुटाला जागा लागणार हे तुम्हाला तीन महिने आधी कसं कळलं?”

प्रधानाने सरदारांकडे पाहिलं. कारागिरानेही पाहिलं. म्हातारा सेनापती खुर्चीचे हात धरून उठत होता. राजाला लहानपणी त्यानेच घोड्यावर बसायला शिकवलं होतं. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. कारागिराच्या जिवात जीव आला.

“तीन महिने?” सेनापती प्रधानाकडे वळून म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. “आणि मला गेल्या महिन्यात सांगितलंत?”

“मला तर पंधरा दिवसांपूर्वी,” खजिनदार पुटपुटला.

“गैरसमज नको,” प्रधानाने सेनापतीला हात धरून आपल्या शेजारी बसवलं. “सीमेवरचा मोठा किल्ला तुमच्याकडे द्यायचा तेव्हाच ठरलं होतं.”

सेनापती कुरकुरत बसला. किल्ल्याबरोबर आजूबाजूची गावं येणार का, असं त्याने विचारलं. तेवढ्यात ठसा एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागला. नाक अगदी हुबेहूब उतरलंय, असं कुणीतरी म्हणालं, आणि दोघातिघांनी माना डोलावल्या.

“माझ्या भावाचं काय?” कारागिराने विचारलं.

खजिनदाराने वैतागून वर पाहिलं.

“याला कुणी बाहेर नेईल का?” तो म्हणाला. “इथे कामाचं बोलणं चाललंय.”