डाव्या बाजूची चार बोटं

जुनी मोटार बघायला निघालेल्या गिऱ्हाइकाला मी आधी एकच विचारतो, तुम्हाला तिच्याकडून पाहिजे काय? सत्तावीस सालची मोटार सेहेचाळीस साली घ्यायची आणि ती घाटात सरसर चढावी म्हणायचं, हा शुद्ध वेडेपणा. असल्या माणसावर मी चिडतो. नगरला माझं गॅरेज आहे, आणि फक्रुद्दीन मिस्त्रीच्या तोंडाला लोक भितात ते काही उगाच नाही.

कोल्हारच्या काकासाहेबांनाही मी तेच विचारलं. नदीकाठचे बागाईतदार, वय साठीकडं झुकलेलं, अंगात पांढरा कोट.

"मला पळवायची न्हाई, मिस्त्री," ते म्हणाले. "माझीच मोटार हाय ती. मला ती परत पाहिजे, बस."

लढाईत सरकारनं त्यांची मोटार नेली होती. त्यांच्या पत्नी, पुष्पावतीबाई, मागच्या सीटवर कायम डाव्या बाजूला बसायच्या. त्यांच्याच हट्टानं सीटला हिरवं कातडं चढवलेलं. मोटार गेली आणि दोन वर्षांनी बाई तापात गेल्या. अंथरुणावरून एकच म्हणायच्या, आपली मोटार आणा, मला तिच्यात बसवा. काकासाहेबांनी आणतो म्हणून शब्द दिला होता. आता भिंगारच्या राधाकृष्णाकडं त्याच नंबरच्या पाटीची गाडी आल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. हा राधाकृष्ण लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्या घेऊन विकायचा.

वाटेत मी त्यांना बजावलं. "चार वर्षं सोजिरांनी हाकलेली गाडी आहे. तुमच्या मनातली मोटार तिथं दिसणार नाही. आणि आवडली तरी व्यापाऱ्यापुढं तोंड उघडू नका." त्यांनी मान हलवली, पण लक्ष रस्त्याकडं होतं.

राधाकृष्णाचं आवार लोखंडानं भरलेलं होतं. कडुलिंबाखाली मोटारीची एक सुटी सीट पडली होती, धुळीनं माखलेली, आणि तिच्यावर पाच-सहा कोंबड्या. सगळ्या उजव्या टोकाला एकमेकींच्या अंगावर चढून बसलेल्या, डावं टोक सारं मोकळं. मला हसू आलं.

मोटार पलीकडं उभी होती. पाटी तीच. काकासाहेबांनी दुरूनच हात जोडले. झालं, माझं बजावणं पाण्यात गेलं.

"सीट काळी आहे," मी म्हणालो.

"पहिली फाटली, बदलली," राधाकृष्ण म्हणाला.

मी खाली बसलो. मागच्या चाकापाशी पोलादी पट्ट्यांची कमान आणि वरचा लोखंडी सांगाडा, म्हणजे चासी, यांच्यात किती बोटं जातात ते मी नेहमी बघतो. उजवीकडं चार बोटं गेली. डावीकडं तीनच.

"डावी कमान बसलीय," मी ओरडलो. कमान तुटली असेल म्हणून गाडीखाली शिरून एकेक पट्टी चाचपली. सगळ्या धड होत्या. मग मागून गाडी दाबून सोडली. उजवी बाजू टुणकन वर आली. डावी हळूच आली, आत कुणी बसलं असलं की येते तशी. मी आत डोकावलो. सीट रिकामी होती.

मागं वळलो तर काकासाहेबांचा चेहरा उजळलेला. "डावीकडंच ना? ती डावीकडंच बसायची, मिस्त्री."

मी त्यांच्याकडचा मोटारीचा जुना कागद घेतला, चासीवरची माती रॉकेलनं पुसली आणि ठोकलेला नंबर वाचला. जुळत नव्हता. एकही आकडा जुळत नव्हता.

"ही तुमची मोटार नाही," मी स्पष्ट सांगितलं. "पाटी तेवढी तुमची."

"नंबर तुमी वाचा. मला कमान दिसतीया."

मी राधाकृष्णाला बाजूला ओढलं. तो घाम पुसत म्हणाला, "तुमच्याजवळ काय लपवायचं! त्यांची गाडी केव्हाच मोडली, पार्ट न् पार्ट सुटा झाला. पाटी उरली, ती हिला लावली. ही एका डाक्तरीणबाईंची. अडलेल्या बायांना खेड्यातनं दवाखान्यात आणायच्या. सगळ्या काय वेळेत पोचायच्या न्हाईत."

हे मी काकासाहेबांना सांगायला हवं होतं. पण ते काळ्या सीटवर उजवीकडं सरकून बसले होते आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर त्यांनी आपलं उपरणं नीट घडी घालून ठेवलं होतं. माझी जीभ रेटेना. आयुष्यात कुणाची भीड न धरणारा मी, तिथं भीड धरली आणि तिथंच चुकलो.

मीच गाडी कोल्हारला नेऊन दिली. दारात काकासाहेबांनी डावं दार उघडलं आणि म्हणाले, "उतर, घर आलं." मी हळूच बोटं घालून पाहिलं. तीनच.

आठ दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, ते एकटेच गाडी हाकत गॅरेजला आले. दाढी वाढलेली, कोट चुरगळलेला.

"ती उतरंना, मिस्त्री. रोज दार उघडतो. रुसली असंल म्हनलं. काल दुपारी तिच्या बाजूला बसून ऱ्हायलो, तर बोलली."

"काय बोलली?"

"म्हनली, अजून किती लांब हाय?" ते बाकावर टेकले. "आवाज पुष्पावतीचा न्हवता. कवळी पोर हाय कुनीतरी. लई कळा सोसून बोलत हुती."

मग मी सगळं सांगितलं. ते माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ते नुसते उठले आणि म्हणाले, "चला. तिला पोचवू."

बायकांचा दवाखाना गॅरेजपासून मैलभर. मी खड्डे चुकवत इतकी सावकाश गाडी कधी चालवली नव्हती. मागं काकासाहेब दर वळणाला म्हणत होते, "आलं हां, पोरी. आता आलंच." उत्तर मला ऐकू आलं नाही, पण माझ्या पाठीमागची डावी बाजू प्रत्येक धक्क्याला कण्हत होती आणि तो आवाज लोखंडाचा नव्हता. माझं अर्धं आयुष्य लोखंडाचे आवाज ऐकण्यात गेलंय.

दवाखान्याच्या पायरीवर तिथली आया लंकाबाई तांदूळ निवडत बसली होती. मी डावं दार उघडलं. तिनं सूप उचललं, बाजूला सरली आणि म्हणाली, "बेतानं गं, पायरी उंच हाय." मग आमच्याकडं बघून दचकली. "मी कुनाशी बोलले?"

मी वाकलो. चार बोटं. दोन्हीकडं चार.

काकासाहेब गाडीला टेकून उभे होते. त्यांनी त्या रिकाम्या सीटकडं पाहिलं. "ही पोचली," ते म्हणाले. "माझी कुठं बसली असंल हो? तिची मोटारच मोडली. तिला बसायला जागा तरी ऱ्हायली का?"

माझ्या डोळ्यांपुढं कडुलिंबाखालच्या कोंबड्या आल्या.

आम्ही तसेच भिंगारला गेलो. कोंबड्या अजून उजव्या टोकालाच दाटीवाटीनं बसल्या होत्या. मी त्यांना हाकललं आणि खिशातल्या फडक्यानं सीटवरची धूळ पुसली. खालून हिरवं कातडं निघालं.

राधाकृष्ण धावत आला. "अहो, ते भंगार आहे. त्यात घेण्यासारखं काय राह्यलंय?"

काकासाहेब सीटपाशी गेले. उजव्या टोकाला अंग चोरून बसले. मग डावीकडं बघत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "लई वाट बघायला लावली गं."

सीटच्या स्प्रिंगा कुरकुरल्या. मी तिथनं दोन पावलं मागं सरलो आणि पाठ फिरवून उभा राहिलो. त्या दिवशी मी बोटं घालून पाहिलं नाही.