चमचाभर कालचं

“बाटली धुवा, उमाजी. यादीत लिहायचंय, ‘स्वच्छ, कोरडी, एक नग.’”

“ही नाही धुणार, दिनकरराव.” उमाजीने काळ्या पाण्याची बाटली छातीशी धरली.

यादी करणारा कारकून मी. आमची ग्वाल्हेरची प्रयोगशाळा नव्या राजधानीत, भोपाळला निघाली होती. आठ वर्षांत दारावरच्या पाटीवर तिसरं नाव आलं होतं: आधी ग्वाल्हेर संस्थान, मग मध्यभारत, आता मध्यप्रदेश. या खेपेला सामानही चाललं होतं, प्रयोगशाळेचे प्रमुख रमाकांत सरही. बारा वर्षांचा जुना शिपाई उमाजी मात्र कुठल्याच यादीत नव्हता.

आमच्याकडे काचेवर शिसं-गंधकाचा पातळ थर चढवत. धड धातू नाही, धड काच नाही. अंधारात वीज अडवणारा, उजेड पडला की सोडणारा. द्रावणात टांगलेली काच आधी पिवळसर, मग जांभळी, मग मोरपिशी होत शेवटी काळा आरसा बने. ती सराफ्यात नेऊन सोनाराच्या तराजूत तोलायची. वाढलेल्या वजनावरून सर थराची जाडी काढत. डोळ्यांना न दिसणारी धगही त्या थराला कळे. अंधाऱ्या खोलीत कोळशाची इस्त्री आणली की यंत्राचा काटा उडायचा. आमच्या सौभाग्यवती विजयाबाई रागावून दारात आल्या तेव्हाही उडाला होता. खोटं वाटत असेल तर त्यांनाच विचारा. माझी हिंमत नाही.

पण थर धरायचा तो उमाजीच्याच हातून. सर तेच माप, तेच पाणी घेत. थर सालपटासारखा सुटून येई. सरांच्या वहीत बारा वर्षं एकच शेरा : ‘कारण अज्ञात.’

“आहे काय हिच्यात?” मी विचारलं.

उमाजीने दाराकडे पाहिलं. “कालचं पाणी. रोज चमचाभर राखतो, दुसऱ्या दिवशीच्या द्रावणात घालतो. दह्याला विरजण लागतं की नाही? आमची थोरली बहीण लीलाताई म्हणायची, कालचं असल्याशिवाय आजचं धरत नाही.”

“सरांना मालूम आहे?”

“ते म्हणतात भांडं धुऊन घे. मी हो म्हणतो.”

माझं डोकं चाललं. “उमाजी, ओतून टाका! रिकामी बाटली जाऊ दे. तिकडे थर धरणार नाही, महिन्याभरात तार येईल, ‘उमाजीला पाठवा.’ नोकरी पक्की!”

 तो उठून नळाकडे गेला. नळ सुटल्याचा आवाज आला. मी मनात पेढे वाटले.

परत आला तेव्हा बाटली बाहेरून लखलखीत होती. आत काळं पाणी तसंच. ती घेऊन तो थेट सरांपुढे उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

“बारा वर्षं?” सर मटकन बसले. मग हसू लागले. वही काढून त्यांनी तो शेरा खोडला. “किती चमचे?”

“एकच, साहेब. पण रोज. रविवारीसुद्धा. खंड पडला की बिघडतं.”

सरांची लेखणी थांबली. “तुझ्यासाठी मी दोनदा लिहिलं होतं रे. जागा मंजूर नाही.”

“पता आहे, साहेब. बाटली मांडीवर ठेवा. ट्रक हिसके देतो.”

किला गेटच्या वळणाला ट्रक दिसेनासा झाला. उमाजीच्या हातात चिनीमातीचा चमचा राहिला होता.

“अरे, हा राहिला!” मी धावायला निघालो.

“राहू द्या. घरचा आहे, यादीत नाही.”

बारा वर्षांचा थर चढून चमच्याचा खोलगट भाग काळा आरसा झाला होता. उमाजीने तो बाहीला पुसला आणि समोर धरला. त्यात अख्खा किल्ला दिसत होता, नखाएवढा, उलटा.