शेंदराचं इंजन

हिंगोलीच्या जिनिंग फॅक्टरीत सोनाजी लोहार बारा वर्षं फिटर होता, आणि बारा वर्षं त्याच्या डोक्यावर कोणी ना कोणी बाहेरगावचा आणून बसवला गेला. यंत्र बिघडलं की सोनाजीला हाक, चालू झालं की शाबासकी त्या बाहेरच्याला. राबावं एकानं आणि मिशीवर ताव दुसऱ्यानं द्यावा, हा तिथला रिवाजच होता.

साल सदतीसच्या उन्हाळ्यात शेटजींनी ठरवलं, की फॅक्टरीपासून स्टेशनापर्यंत रूळ टाकायचे आणि कापसाच्या गाठी ओढायला एक लहानसं वाफेचं इंजन आणायचं. ते चालवणारा अर्थात बाहेरून येणार होता. सोनाजीनं धीर करून शेटजींना विचारलं, मी काय वाईट आहे? शेटजी हसले. म्हणाले, दसऱ्याला हंगामाचा मुहूर्त आहे, इंजन पुरवणारा इंजिनीयर साहेब त्या दिवशी येईल. त्याची खात्री पटव, मग बघू.

त्याच सुमारास बदली झालेल्या एका रेल्वे साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला. टेबलं-खुर्च्यांवर गावातले प्रतिष्ठित तुटून पडले. कोपऱ्यात हातभर लांबीचं मेलगाडीचं इंजन होतं, खरंखुरं, पाणी घालून खाली स्पिरिटचा दिवा लावला की वाफेवर पळणारं. ते कोणाला नको होतं. सोनाजीनं आपली सायकल देऊन ते घेतलं, आणि गावानं त्याला रीतसर वेड्यात काढलं.

पण त्याला मेलगाडी नको होती. त्याला गाठी ओढणारं, बुटकं, कामकरी इंजन हवं होतं. त्यानं मागचा कोळशाचा डबा कापून टाकला, धुराडं आखूड केलं, पुढंमागं सागवानी लाकडाचे ठोकळे बसवले. दोन्ही अंगांना पाण्याच्या टाक्या हव्या होत्या. त्यासाठी त्याच्या म्हातारीनं, रुक्माबाईनं, लग्नात आलेली तांब्याची परात पुढं केली. "घे. मी मेल्यावर तुलाच येनार हाय," एवढंच ती म्हणाली.

फॅक्टरीच्या बॉयलरवरचा हैदर फावल्या वेळात येऊन बसे. वाफेचं सगळं शास्त्र सोनाजी त्याच्याकडूनच शिकला होता. या छोट्या इंजनाच्या बॉयलरच्या पाठीवर एक चिमुकलं टोपण होतं. आत वाफ जास्त झाली की ते आपसूक उचललं जायचं आणि फुस्स करून वाफ सोडायचं. हैदर दर खेपेला आधी ते बोटानं उचलून बघे, मगच दिवा लावू देई.

खंडेनवमी आली. लोहाराच्या घरी त्या दिवशी हत्यारं पुजायची, आणि दसऱ्याला सोनं लुटून घरी येईपर्यंत त्यांच्यावरचा शेंदूर पुसायचा नाही. हत्यार हलवलेलं चाले, पुसलेलं चालत नसे. ऐरण आणि हातोड्याशेजारी रुक्माबाईनं इंजनही मांडलं. तेलात कालवलेला शेंदूर तिनं धुराड्याला लावला, टाक्यांना लावला, आणि पाठीवरचं ते गोल टोपण हाच देवाचा माथा समजून त्यावर चांगला जाड थापला.

दसऱ्याच्या सकाळी इंजन कपड्यात बांधताना सोनाजीला ते दिसलं. शेंदूर सुकून घट्ट बसला होता. त्यानं नख लावलं, तोच म्हातारी म्हणाली, "पुसू नको रे बाबा. सोनं लुटस्तोवर देवाचं हाय ते."

परात दिलेली माय समोर उभी, नवं लुगडं नेसून फॅक्टरीत यायला निघालेली. सोनाजीनं मनाशी म्हटलं, वाफेचा जोर आला की निघेल आपोआप. अडाण्यानं असं म्हटलं असतं तर एक वेळ ठीक होतं.

फॅक्टरीच्या अंगणात त्यानं लोखंडी पट्ट्यांचे रूळ मांडले. शेटजी, इंजिनीयर साहेब, सगळे कामगार भोवती उभे राहिले. हैदर गर्दीत मागं राहिला, दिवा सोनाजीनंच लावला. इंजन सुटलं आणि सरकीनं भरलेले चार चिमुकले डबे ओढत झोकात टोकापर्यंत गेलं, मागं आलं. साहेब खाली वाकला. थांबव, उभ्या इंजनात वाफ कशी राहते ते बघू, म्हणाला. सोनाजीनं थांबवलं, खालचा दिवा जळतच राहिला. साहेब टाक्यांच्या जोडकामावरून बोट फिरवत विचारत राहिला, हे कोणी शिकवलं, ते कसं केलं. बारा वर्षांत पहिल्यांदा कोणी तरी त्याला विचारत होतं, आणि सोनाजी सांगण्यात रंगून गेला.

गर्दीतून हैदर ओरडला, "फुस्स का न्हाई वाजलं?"

सोनाजीनं साहेबाला एका हातानं मागं लोटलं, दुसरा दिव्याकडे नेला. तेवढ्यात बॉयलर फुटला. मनगटापासून कोपरापर्यंत त्याची कातडी सोलून निघाली.

साहेबानं कपडे झटकले, फुटकं इंजन उलटसुलट करून टोपण पाहिलं. हे का उचललं गेलं नाही, असं त्यानं थंडपणे विचारलं. हैदर सोनाजीच्या कानाशी लागला, "सांगून टाक." समोर रुक्माबाई लेकाच्या हातावर आपला पदर गुंडाळत होती. तिच्या बोटांना अजून शेंदूर होता.

"मी बघितलं न्हाई," सोनाजी म्हणाला.

ज्याला एवढंही बघायचं कळत नाही, त्याच्या हाती खरा बॉयलर कसा द्यायचा, असं साहेब शेटजींना म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि तेच सोनाजीला जास्त लागलं. कार्तिकात खरं इंजन आलं, त्याच्याबरोबर बाहेरचा ड्रायव्हर आला. सोनाजीकडे चाकांना तेल घालायचं काम आलं.

हात भरून यायला पौष उजाडला. रोज कोणी ना कोणी बाई विचारपूस करायला यायची, आणि रुक्माबाई प्रत्येकीला तेच सांगायची. "पोराचं कायतरी चुकलं बाई. त्याची अक्कल कमी पडली. पर मी शेंदूर लावला व्हता म्हणून हातावर निभावलं, न्हाई तर डोळे गेले असते." मग सोनाजीकडे वळून विचारायची, "व्हय का न्हाई रे?"

"व्हय माय," तो म्हणायचा. "चुकलं माझंच."